एकडबीचा रंग

गाडीबाई भंगार यार्डात पोचल्या तेव्हा एकडबीचे तीन तुकडे झालेले होते.

त्यांच्या एका खांद्याला कागदांची नळी होती, दुसऱ्याला पिशवी. पिशवीत मोजपट्टी, पेन्सिली, पाण्याची बाटली आणि यार्डाच्या साहेबाने सही-शिक्क्यानिशी दिलेलं परवानगीचं पत्र. मंगळवार आणि बुधवार बाईंना गाडीची मापं घेऊ द्यावीत, गुरुवारी कापकाम सुरू करावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आज मंगळवार होता आणि सकाळचे नऊ वाजले होते.

आपण काय बघतोय हे बाईंना आधी कळेचना. समोर रुळांवर एक केबिन उभी होती, तिच्या मागे काहीच नव्हतं. मधला भाग कुशीवर पडला होता, आणि त्याच्या खिडक्या आभाळाकडे तोंड करून होत्या. तिसरा तुकडा पार पलीकडे, क्रेनच्या साखळीला. त्यांच्या हातातून नळी सुटली आणि चिखलात पडली. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"बाजूला व्हा मॅडम, ठिणग्या उडतायत," गाडी कापणारा माणूस ओरडला. मग त्याने गॅसची टॉर्च बंद केली, चष्मा कपाळावर चढवला आणि बाईंचा चेहरा बघून जरा वरमला. "काय झालं? कुणाला शोधताय?"

बाईंनी नुसतं पत्र पुढे केलं.

"अरेच्चा," तो म्हणाला. "गॅसच्या टाक्या दोन दिवस आधीच आल्या. त्या पडून राहिल्या की मुकादम डोकं खातो. म्हटलं, उरकून टाकू."

"पण हे पत्र..."

"पत्र ऑफिसात आलं असेल. मी इथे असतो."

बाई तिथेच रुळांखालच्या एका जुन्या लाकडी स्लीपरवर मटकन बसल्या.

एकडबी म्हणजे एकाच डब्याची गाडी. डब्याच्या पोटातच डिझेलचं इंजिन आणि दोन्ही टोकांना चालकाची केबिन, म्हणजे शेवटच्या स्टेशनावर वळवायची कटकट नाही. खाणीतला दगड मुख्य मार्गावर आणायला म्हणून घातलेल्या बावीस किलोमीटरच्या लाइनवर ती धावायची. माणसं आधी दगडाच्या उघड्या मालवाघिणींवर बसून जात, मग त्यांच्यासाठी ही गाडी आली. एकच आली, आणि लाइन बंद होईपर्यंत एकच राहिली. तिचं सरकारी नाव काहीतरी लांबलचक होतं. ते आख्ख्या पंचक्रोशीत फक्त गाडीबाईंना पाठ होतं.

बाई रेल्वेच्या पूल विभागात नकाशे काढायच्या. चौतीस वर्षं नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि प्रत्येक रविवारी चित्रं काढली. चित्रं फक्त गाड्यांची, त्यातही फाट्यावरच्या छोट्या गाड्यांची. एक्सप्रेस त्यांनी जन्मात काढली नाही. "ती माझ्यासाठी थांबत नाही, मी तिच्यासाठी का थांबू?" असं त्या हसत हसत म्हणायच्या. छोटी गाडी कशी, धावत येणारा माणूस दिसला की अर्धा मिनिट रेंगाळते, चालकाला गावातल्या कुत्र्यांचीही नावं माहीत असतात. त्यांनी जुनी वेळापत्रकं जमवली होती, निवृत्त गार्डांच्या घरी जाऊन वह्या भरल्या होत्या, कुठल्या पुलाला कुठल्या वर्षी नवी तुळई टाकली ते त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. त्यांच्या चित्रातले रिवेट मोजून घ्यावेत, एकही इकडेतिकडे व्हायचा नाही. म्हणून तर लोक त्यांना गाडीबाई म्हणत.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक आठवण होती.

त्यांचे वडील त्या लाइनवरच्या एका लहान स्टेशनावर सांधेवाले होते. रूळ बदलायचा, गाडीला झेंडी दाखवायची, कंदील पुसायचे, सगळं तेच. बाई तीन वर्षांच्या असताना ते तापाने गेले. त्यांचा एकही फोटो नव्हता. पण बाईंना ते आठवत. क्वार्टरच्या पायरीवरून दिसणारी त्यांची पाठ, अंगात रेल्वेचा काळा कोट, बोटांपर्यंत आलेल्या बाह्या, हातात हिरवी झेंडी आणि समोर लालभडक एकडबी. तीन वर्षांच्या पोरीला काय आठवणार, असं कुणी म्हटलं की बाई हट्टाने सांगत, मला आठवतं. हे चित्र त्यांनी चाळीस वर्षांत त्रेचाळीस वेळा काढलं होतं.

त्याच चित्रावरून त्यांचा दादाशी अबोला झाला होता. दादा त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. तो वडिलांच्या जागी चिकटला आणि पुढे चालक होऊन त्याने तीच एकडबी वीस वर्षं चालवली. अकरा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या सभागृहात बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा दादा त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "चिमे, रंग चुकलाय. बाबांच्या वेळी ती हिरवी होती. लाल नंतर झाली."

रिवेट मोजणाऱ्या बाईला हे असं म्हणायचं! बाईंचा पारा चढला. "तू गाडी आतून चालवलीस दादा. बाहेरून बघितली मी."

दादा तसाच निघून गेला. त्यानंतर वहिनीचा अधूनमधून फोन यायचा, दादाचा कधीच नाही.

"मॅडम, पाणी प्या," कापणारा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "आता तुकड्यांची मापं घ्या की. आज दिवसभर हात लावत नाही मी."

बाई उठल्या. मापं घ्यायला लागल्या, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. मधल्या भागाच्या दाराजवळ पत्रा वाकला होता आणि रंगाचा पोपडा सुटून लोंबत होता. त्यांनी तो हलकेच ओढला. बोटाएवढा तुकडा हातात आला. वर मळकट पिवळा, लाइन बंद पडली तेव्हाचा. त्याच्या खाली लाल. लालच्या खाली हिरवा. गर्द, शेवाळलेल्या विहिरीसारखा हिरवा. आणि सगळ्यात खाली अस्तराचा राखाडी.

बाईंनी पोपडा उन्हात धरून पुन्हा बघितला.

"जरा हे आतलं फळकूट काढता का?" त्यांनी विचारलं. वर्कशॉपमधले रंगारी आतल्या फळीमागे कुणी न बघण्याच्या जागी तारीख टाकून ठेवतात, हे त्यांना गार्डांकडून कळलं होतं.

कापणाऱ्याने पहार घातली. फळी कडकडून निघाली. मागच्या पत्र्यावर ब्रशने, ऐटबाज वळणात लिहिलं होतं, "लाल. पहिला हात." आणि खाली तारीख.

बाईंनी तारीख वाचली. पुन्हा वाचली. मग लहान मुलीसारखी बोटं मोजली. बाबा गेल्याला तेव्हा एक वर्ष आणि पाच महिने झाले होते.

"तुमच्या कामाचं निघालं का काही?" कापणाऱ्याने विचारलं. "मला भंगारात रंगबिंग दिसत नाहीत. वजन दिसतं."

बाई तारखेवरून बोट फिरवत राहिल्या. चूक नुसत्या रंगाची असती तर रंग बदलला असता. पण लाल एकडबी बाबांनी कधी पाहिलीच नव्हती. मग पायरीवरून आपण पाहिलं ते काय?

पोपडा रुमालात गुंडाळून त्या बसमध्ये बसल्या त्या थेट दादाच्या दारात उतरल्या.

दादा तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचा. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून दाराच्या बिजागरीला तेल घालत बसला होता. बहिणीला बघून त्याच्या हातातली तेलाची बुधली कलंडली आणि तेल पायरीवरून ओघळत गेलं. दोघांपैकी कुणीही ती सरळ केली नाही.

"कोण आलंय?" आतून वहिनी बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. "अगंबाई! वन्सं, तुम्ही? चिखलाने काय हे माखलंय? पडलात की काय?"

"एकडबी कापली," बाई म्हणाल्या.

दादाने मान खाली घातली. "केव्हा?"

"आज सकाळी." त्यांनी रुमाल उलगडला. "दादा, तुझं बरोबर होतं. हिरवी होती. माझं चुकलं. चारचौघांत तुला बोलले, तेही चुकलं."

दादाने पोपडा घेतला आणि चष्मा वर करून त्याची कड बघितली. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचा चेहरा उतरला.

"एवढ्यासाठी आलीस होय? जाऊ दे. रंगाचं काय एवढं."

"एवढ्यासाठी नाही. लाल रंगाची तारीख मिळाली. बाबा गेल्यानंतरची आहे. मग मी बघितलं कुणाला?"

"चहा टाक गं," दादा वहिनीला म्हणाला.

"चहा नको मला. दादा, कोण होतं ते?"

दादाने पोपडा परत रुमालात ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या चित्रातल्या बाह्या आठव."

"काय बाह्यांचं?"

"बोटांपर्यंत येतात. बाबा दारातून वाकून आत यायचे, एवढे उंच. त्यांना तो कोट मनगटाच्या वर बसायचा. मी अठरा वर्षांचा, काडी पैलवान. ते गेल्यावर ऑफिसातले म्हणाले, दुसरा कोट मिळेपर्यंत त्यांचाच घाल. आई बाह्या आत घ्यायला तयार नव्हती. म्हणाली, राहू दे, अंगात भरशील." तो थांबला. "नाही भरलो."

बाईंनी चौकट धरली. त्रेचाळीस चित्रं. त्रेचाळीस वेळा त्यांनी ती पाठ काढली होती, डावा खांदा किंचित उतरता. आणि आत्ता, समोर, दुमडलेल्या पायजम्यातला म्हातारा बसला होता, त्याचा डावा खांदा किंचित उतरता.

"तुला माहीत होतं," त्या पुटपुटल्या. मग आवाज चढला. "अकरा वर्षं तुला माहीत होतं!"

"त्या दिवशी कळलं. चित्रासमोर उभा राहिलो आणि माझ्याच पाठीकडे बघतोय असं वाटलं. अंगावर काटा आला. तोंडातून रंगाचं निघून गेलं आणि जीभ चावली मी. तू भांडलीस ते बरंच झालं. बोलत राहिलो असतो तर आज ना उद्या पुढचंही सांगून बसलो असतो."

"मग सांगायचं होतंस!"

"कसं सांगू? बाबांचं तुझ्याकडे तेवढंच होतं. ते पण मी काढून घेऊ?"

वहिनी पदराला हात पुसत तशाच उभ्या होत्या. त्यांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं. "अहो, मला तर सांगायचंत," एवढंच त्या म्हणाल्या.

बाई रडल्या नाहीत. रडू यायलाही काहीतरी हाताशी लागतं. घरात शिरावं आणि कालपर्यंत असलेली खोलीच नाहीशी झालेली असावी, तसं त्यांना झालं होतं. त्या संध्याकाळी त्या तिथेच थांबल्या. जेवताना दादाने दोनदा त्यांच्या ताटात वाढलं, दोन्ही वेळा न विचारता.

पुढच्या महिन्यात लाइनच्या इतिहासाचं छोटं दालन जुन्या मालधक्क्यावर उघडायचं होतं. बाईंनी कबूल केल्याप्रमाणे एकडबी काढून दिली. हिरवी, पोपड्याशी रंग जुळवून, आणि फलाटावर कुणीही नाही. शेजारी टांगलेल्या जुन्या लाल चित्राखालची "बाबा" ही चिठ्ठी त्यांनी काढली आणि नवी लावली, "दादा, वय एकोणीस." चिठ्ठी न वाचताच एका निवृत्त गार्डाने त्या पाठीकडे बोट दाखवून विचारलं, "हे तुमचे वडील ना?" बाई पटकन "हो" म्हणाल्या, आणि म्हणताच दचकल्या.

तेव्हापासून त्या रविवारी दादाकडे जायला लागल्या. बाबा कसे दिसायचे ते दादाने सांगायचं, बाईंनी काढायचं. बाई जन्माच्या नकाशेवाल्या, मापाशिवाय त्यांचं पान हलत नाही. उंची किती? दाराच्या कडीच्या किती वर? कपाळ रुंद म्हणजे किती, चार बोटं? दादा वैतागायचा. "अगं, माणूस आहे तो, पूल नाही." नाक चुकायचं, मिशी चुकायची. "हे कुणीतरी दुसरंच," म्हणून त्याने सहा कागद परत केले. सहाव्याला तर म्हणाला की हा आपल्या तिकीट मास्तरासारखा दिसतोय, आणि तो मेला फार खडूस होता. वहिनी हसून हसून बेजार.

सातव्या वेळी बाईंनी डोळे जरा आत घेतले, गालाखाली थोडी सावली दिली आणि कागद त्याच्या पुढे धरला.

दादाने चष्मा काढून पलंगावर ठेवला, तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालूच राहिला.

"काय झालं हो?" वहिनी बाहेर येऊन दबक्या आवाजात विचारू लागल्या. "काय दाखवलंत त्यांना?"

बाईंनी कागद आपल्याकडे वळवला आणि नीट बघितला. कपाळ, डोळे, मिशी, जबडा. एक उंच, दमलेला माणूस त्यांच्याकडे बघत होता, आणि त्यांच्या आठवणीत तो कुठेही नव्हता.