भट्टीवर गेलेला दुसरीचा वर्ग

“चला रे, गाडी सुटली!” वीटभट्टीचा मुकादम शाळेच्या दारात असा ओरडला की दुसरीच्या वर्गाची कौलं हलली. दिवाळी सरली की बेटेगावच्या पाड्यांवरची माणसं भट्टीवर निघायची, आणि पोरं त्यांच्याबरोबर. तसा माझाही आवाज काही कमी नव्हता. मी बाराखडी म्हणायला लागलो की घिवलीच्या समुद्रातले मासे घाबरून जाळ्याबाहेर पळायचे. पण त्या दिवशी माझा अख्खा वर्ग ट्रकमध्ये चढला आणि मी हातात खडू घेऊन बघत राहिलो.

एक पोरगी तेवढी जोडाक्षरं वाचायला लागली होती. वाचायची अशी भराभर की अक्षरांनाच धाप लागावी. तिच्या आईला मी हात जोडले. “हिला ठेव गं बाई. माझ्या घरी राहील, शिकेल.”

“मंग धाकल्याला कोन धरंल? तुमी धरताव, गुरुजी?”

ट्रकमधल्या बाया खदखदून हसल्या. मीही हसलो, दुसरं करणार काय? वर्गातलं मराठीचं पुस्तक पोरीच्या हातात कोंबलं. “रोज एक पान वाच. विसरलीस तर बघ!”

होळीला सगळे घरी आले. पोरगी वर्गात आली, कडेवर धाकटा. मी फळ्यावर ‘पुस्तक’ लिहिलं. ती नुसती बघत राहिली, जणू मी भिंतीवर पाल काढली होती.

“अगं, वाच की! तुझं पुस्तक कुठंय?”

“चुलीत घातलं, गुरुजी. लाकडं वली व्हती.”