ट्रकात काय होतं

आमच्या दांडी गावाजवळून डांबरी रस्ता गेला तो वीजकेंद्राच्या बांधकामासाठी. बायकांना वाटलं, जवळा, ती बारकी कोळंबी, सुकवायलाच केलाय. डांबर वाळूपेक्षा लवकर तापतं आणि जवळ्यात रेती येत नाही. मग सगळ्या अर्ध्या रस्त्यावर जवळा पसरून कावळे हाकीत बसायच्या. माझी बायकोपण.

एका दुपारी एक सरकारी ट्रक मागं घेताना तिच्या पायावर चढला. मी होडीवर होतो. आलो तेव्हा ट्रक निघून गेलेला, पाऊल चेचलेलं, आणि ही एकच सांगत होती, "ट्रकात आरशाचं कपाट व्हतं. कुना सायबाच्या घरचं. पडताना मी मलाच बघितली."

टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जाणं संपलं. पालघरच्या वकिलानं सरकारवर दावा घातला. म्हणाला, "वरच्या कोर्टाचा निकाल आहे. सरकारी ड्रायव्हरची चूक सरकारनं भरून द्यायची." आम्ही खूश. पुढच्या खेपेला त्याचं तोंड उतरलेलं. त्याच कोर्टाचा दुसरा निकाल आला होता. पोलीस बंदोबस्तासारखं राज्य चालवायचं काम असेल तर सरकार जबाबदार नाही. आणि ज्याचा ट्रक ते खातं सांगत होतं, ट्रक पोलिसांना घेऊन बंदोबस्ताला चालला होता.

"मंजी ट्रक त्योच, पाय त्योच," बायको म्हणाली, "न कपाट असलं तर मोडला, पोलीस असले तर नाय मोडला?"

"कायद्यानं तसंच, बाई."

"मग त्यो कायदा तुमच्या पायावर घालून बघा, वकीलदादा."

वकील हसला. मला हसू आलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला, मी समजून घ्यायला बघत होतो. अजून बघतोय.

ट्रकात काय होतं ते खात्याच्या नोंदवहीत. ही काठी टेकत कचेरीत गेली, मी मागं. कारकून म्हणाला, "सरकारी कागद आहे, बाहेरच्याला दाखवता येत नाही."

"मी भायेरची कशी? त्यात माजा पाय हाय ना?"

त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. वही दिली नाही. कोर्टातही खात्यानं गुप्त म्हणून दिली नाही, आणि कोर्टानं ते मानलं. कपाट शाबीत झालं नाही. दावा गेला.

मग ही परत त्याच जागी जवळा घेऊन बसली. येईल त्या ट्रकपुढे काठी आडवी. "काय भरलंय रं? आदी बोल, मग जा."

"अम्मा, रेती है. चाय पिलाओगी?"

"आदी दाखव तुजी रेती."

काठीनं ताडपत्री वर करून बघायची. पुढंपुढं ड्रायव्हर लांबूनच ओरडून सांगायचे. आम्हा दोघांत शहाणं कोण, मला कळलं नाही.

कितीतरी वर्षं असंच चाललं. या शिमग्याला ती गेली. आता म्हणे कोणीपण सरकारचा कागद मागू शकतो. तेव्हा का नाही, आता का, मला सांगता यायचं नाही. वही जपलेली असेल काय? आणि मिळाली, तरी दाखवू कोणाला?

परवा तिच्या जागेवर बसलो होतो. रस्त्यावर जवळा नव्हता, तरी एक ट्रक हळू झाला. माझ्याच तोंडून गेलं, "काय भरलंय रं?"

"सिमेंट, बाबा."

घरी आलो. दारातच सांगायला तोंड उघडलं, "सिमेंट व्हतं." मग तसाच उभा राहिलो.