सोलेदादचं पगारी हसू

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बाजारात सोलेदाद शाळेचे गणवेश शिवायची. मशीन तिसऱ्या गाळ्यात, पण तिचं हसू पार मासळीच्या कट्ट्यापर्यंत ऐकू जायचं. एकदा सुटली की शेजारपाजारचे कारण न विचारताच हसायला लागायचे. विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. पर्ला एक परकर शिवून घ्यायला आल्या आणि तिला 'मनांग', म्हणजे ताई, म्हणत भलतंच मागणं घालून बसल्या.

"मनांग, हसायचे पैसे घ्याल का?"

हसू खरंच लागण झाल्यासारखं पसरतं का, हे त्यांना प्रयोग करून तपासायचं होतं. एका खोलीत भाताच्या रोपांवरचा कंटाळवाणा माहितीपट लावायचा. बघायला बाहेरून आलेला एक माणूस आणि शेजारी, आपणही तशाच आलोय असं भासवत, सोलेदाद. कधी तिनं हसायचं, कधी गप्प बसायचं. काय करायचं ते नाणं उडवून ठरणार. काचेआडून विद्यार्थी पाहुण्याचं हसणं मोजणार.

हसायला अडचण नव्हती. घोडं अडलं ते गप्प बसण्यात. रोपं डोलली की हिला उकळी फुटायची. ओठ चावून झाले, सुकवलेला आंबा चघळून झाला.

"गप्प बसायला माझ्या बहिणीला पाठवू?" तिनं विचारलं. "ती तर लग्नातसुद्धा हसत नाही."

"नको. मग फरक हसण्यामुळे पडला की बाई बदलल्यामुळे, ते कसं कळणार?"

शेवटी सोलेदाद मनातल्या मनात स्कर्टाच्या चुण्या घालायला शिकली. तोंड अगदी इस्त्री केल्यासारखं राहायला लागलं.

मग एके दिवशी क्लेतो आला. प्लाझाजवळचा पाववाला, विधुर, रुबाबदार मिश्यांचा. नाणं हसण्याच्या बाजूनं पडलं. सोलेदाद मनापासून हसली. क्लेतोचे गाल लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण तोंड घट्ट मिटलेलं. काचेमागच्यांनी शून्य मांडलं. आजवर असा अपमान तिचा कुणी केला नव्हता.

प्रयोग संपला की पाहुण्याला सगळं खरं सांगायचं, असा नियम होता. डॉक्टरांनी सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला हसू आलंच नाही का?"

"आलं नाही कसं? मेलो असतो," क्लेतो तोंडावर हात धरून म्हणाला. "पण कवळी कालच बसवलीय, डॉक्टर. सैल आहे. या बाईंसमोर पडली असती तर..."

एवढं बोलला आणि त्याचा बांध फुटला. कवळी टप्पकन कॉफीच्या कपात पडली. सोलेदाद टेबलावर कोसळली, काचेमागून खिदळणं ऐकू आलं, डॉक्टर भिंतीला टेकून डोळे पुसत राहिल्या.

सगळे भानावर आल्यावर एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, यांना वगळू या. आकडा छान येईल."

"आकडा छान यावा म्हणून माणूस काढायचा नसतो. शून्य राहू दे, खाली कारण लिहा. आणि उद्यापासून चेहरेही टिपू या. नुसता आवाज मोजून आपण फसलो."

दुसऱ्या दिवशी क्लेतो गरम पाव घेऊन हजर. "मला पुन्हा बसवा ना."

"एका माणसाला एकदाच."

"बरं, मग मनांगना बाहेर भेटलं तर चालेल?"

डॉक्टरांनी सोलेदादकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात भराभर चुण्या घालत होती. "प्रयोग संपू दे. बाहेर बोभाटा झाला तर आमची मेहनत पाण्यात."

तो थांबला. रोज पाव मात्र पाठवत राहिला; विद्यार्थ्यांची पोटं सुटली. शेवटचा पाहुणा गेला त्या संध्याकाळी दोघं बाचोय, म्हणजे शेवयांचं गरम सूप, खायला गेली, आणि शेवया नाकात गेल्यामुळे की हसल्यामुळे, दोघांचेही डोळे भरले. गालभर हसू आलं तरी त्याची कवळी आता जागची हलत नव्हती. दुरुस्त करून आणली होती.

निष्कर्ष डॉक्टरांना हवा तसा निघाला: तिच्या हसण्यानं माणसं हसत होती, गप्प बसण्यानं नाही. पावसाळ्याआधी लग्न झालं. पुढच्या प्रयोगाला डॉक्टरांना चिडकी बाई हवी होती. सोलेदादनं दोनदा आरशासमोर कपाळाला आठ्या घालून पाहिल्या आणि बहिणीचं नाव सुचवलं.