पितृऋणाची सुवाच्य प्रत

माझं अक्षर वाईट आहे. कोंबडीनं शाईत पाय बुडवून कागदावर फिरावं, तसं. भिवंडीच्या ज्या शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवत होते, तिथल्या मुली फळ्यावरचं माझं लिखाण एकमेकींना विचारून उतरवून घ्यायच्या. तत्त्वज्ञान हा माझा घरचा उद्योग. नोकरी करता करता, बाहेरून परीक्षा देऊन मी त्यात एम.ए. केलं होतं, आणि सत्तरच्या दशकातली सगळी वर्षं पुण्याच्या एका त्रैमासिकाला लेख पाठवत होते. मेलेल्या माणसाला दिलेलं वचन पाळायला हवं का, माणूस खरोखर काही निवडतो का, असले विषय. संपादकांची अट एवढीच, की लेख कागदाच्या एका बाजूला आणि सुवाच्य अक्षरात असावा. ती अट माझ्या वतीनं बाबा पाळायचे.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, तोवर निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, भाऊ नोकरीला बडोद्याला. कामतघरच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही दोघंच. चहूबाजूंनी कापडाचे लूम चालायचे, आणि कधी वीज गेली की शांततेनं आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी बाबा खिडकीशी उतरतं मेज घेऊन बसायचे आणि माझी चिताडलेली पानं टाकानं उतरवून काढायचे. एका लेखाला तीन संध्याकाळी. एखादा मुद्दा लंगडा वाटला तर पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून त्या पानात ठेवायचे. तोंडानं बोलायचे नाहीत. त्या चिठ्ठ्यांवरून माझे निम्मे लेख सुधारले, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

पितृऋणावरचा लेख मी रागात लिहिला. राग बाबांवर नव्हता, लोकांवर होता. मी लग्न केलं नव्हतं, आणि चाळीतली, शाळेतली, नात्यातली झाडून सगळी माणसं माझं कौतुक करायची. मुलगी असून मुलासारखं करते, बापाचे पांग फेडते. हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी कुणाचे पांग फेडत नव्हते. मला तिथं राहायचं होतं म्हणून राहत होते, निदान तसं मला वाटायचं. मग मी आपल्या परंपरेतली ती जुनी कल्पनाच तपासायला घेतली, की माणूस जन्मतःच आईबापांचं ऋण घेऊन येतो. माझं म्हणणं असं, की ऋण घ्यायला घेणारा हजर लागतो, त्याचा होकार लागतो. जन्माला येताना कुणाला विचारलं जात नाही. न मागता दिलेलं देणं राहत नाही. मुलानं आईबापांसाठी काही केलं तर ते प्रेमानं, मर्जीनं. आईबापांना ते मागण्याचा हक्क नाही, आणि हक्कानं मागितलं की ती जबरदस्ती होते.

हा लेख बाबांच्या हातात देताना माझ्या मनात काहीच नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. काहीतरी होतं. त्यांनी वाचावा असं मला वाटत होतं. त्या महिन्यात त्यांनी मला दोनदा शाळेतून लवकर यायला लावलं होतं, क्षुल्लक कामांसाठी, आणि ते माझ्या डोक्यात होतं.

तीन संध्याकाळी त्यांनी लेख उतरवला. नेहमीसारखंच, मोत्यासारखं अक्षर, एकही खाडाखोड नाही. चौथ्या पानात चिठ्ठी होती. प्रतिपक्ष म्हणेल की मूल मोठं झाल्यावर आईबापांकडे राहतं, खातं, म्हणजे त्यानं मागाहून होकार दिला. याला उत्तर हवं. आणि खाली त्यांनीच उत्तरही सुचवलं होतं, की जिला जायला दुसरी जागा नाही तिच्या राहण्याला होकार म्हणता येत नाही. मी ते जसंच्या तसं लेखात घातलं. उत्तर चांगलं होतं. ‘जिला’ असं त्यांनी लिहिलं होतं, त्याचं मी ‘ज्याला’ केलं.

लेख पाकिटात घालताना मी विचारलं, “कसा वाटला?”

“बिनतोड आहे,” बाबा म्हणाले.

लेख छापून आला. संपादकांचं कौतुकाचं पत्र आलं, एका वाचकानं मला कृतघ्न म्हटलं, त्याचाही मला आनंदच झाला. घरात मात्र एक बदल होत होता आणि तो मला उशिरा कळला. बाबांच्या हाका थांबल्या. अगं, पाणी दे. अगं, माझं उपरणं कुठंय. अगं, येताना तपकीर आण. हे दिवसातून दहा वेळा चालायचं ते बंद झालं. ते स्वतःचं अंघोळीचं पाणी काढायला लागले, कप विसळून पालथा घालायला लागले. बटण तुटलं तर तसाच सदरा घालून बसायचे. रुसवा नव्हता. बोलणं, हसणं, पेपरातल्या अग्रलेखाला नावं ठेवणं, सगळं पूर्वीसारखंच. फक्त मागणं गेलं. घर शांत झालं आणि मला ते आवडलं. मला लिहायला सलग वेळ मिळू लागला. त्या वर्षात मी तीन लेख पुरे केले, एवढे कधीच झाले नव्हते.

तिसऱ्या लेखाची प्रत वाचताना मी वैतागले. मधल्या मधल्या ओळी गळाल्या होत्या. एका वाक्याचं डोकं आणि दुसऱ्याचं धड. “बाबा, लक्ष कुठं असतं तुमचं?” मी विचारलं. ते म्हणाले, कागद वाईट येतो हल्ली. कागदाची टंचाई होतीच तेव्हा, वह्यासुद्धा पिवळ्या खरबरीत मिळायच्या, म्हणून मी गप्प बसले. पुढच्या लेखात तर अर्धा परिच्छेदच गायब. तो मी दहावीच्या एका मुलीकडून पुन्हा उतरवून घेतला, आणि त्यापुढचा सरळ तिच्याकडेच दिला. बाबांनी का म्हणून विचारलं नाही. टाक पुसून ठेवून दिला. म्हातारपणी माणसाचं मन लागत नाही कशात, अशी मी माझी समजूत घातली. दारं-चौकटींना त्यांचे खांदे आपटत होते, तेही मला दिसत होतं. त्याचाही मी असाच काहीतरी अर्थ लावला असणार.

मग एका रविवारी सकाळी शेजारीण आली. अंबाडीकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची बाई. नवरा लूमवर ड्युटीला, ही चाळीत घर सांभाळून. बाबा देवळात गेल्याची खात्री करून ती आत आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

“बाई, राग नका मानू. पन आता मला सांगाया हवं. मास्तरांना बाजूचं काय दिसत न्हाय. समोरचं दिसतं, तेबी नळीतून बघावं तसं. चार महिनं झालं, मी त्यांना डाकतरकडं नेतंय.”

“तुम्ही?”

“त्यांनीच सांगितलं, रस्ता ओलांडून द्या म्हनून. मला काय, माझा बाप असता तर नेलाच असता. पन लोक इचारतात. म्हनतात, घरात शिकलेली लेक हाय, आन मास्तर शेजारनीचा हात धरून चालतात. तुमचं काय भांडन हाय का?”

भांडण नाही, असं मी म्हणाले. ती गेल्यावर मी कितीतरी वेळ बाबांच्या रिकाम्या मेजाकडे बघत बसले होते. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं.

बाबा परत आले तेव्हा मी दारातच विचारलं, “मला का नाही सांगितलं?”

ते खुर्ची चाचपत बसले. बचाव असा काहीच केला नाही. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाला सांगावं तसं म्हणाले, “तुला सांगणं म्हणजे मागणंच झालं असतं.”

“आणि शेजारणीला सांगणं?”

“ती ‘नाही’ म्हणू शकते. दोनदा म्हणाली. एकदा नळाला पाणी आलं होतं, एकदा नवऱ्याची शिफ्ट बदलली होती. मी दुसऱ्या दिवशी गेलो. तू ‘नाही’ म्हणू शकली असतीस? आणि जिला नाही म्हणता येत नाही तिच्याकडे मागायचं, ती जबरदस्ती. तूच लिहिलंयस. मी उतरवून काढलंय.”

“तो लेख होता, बाबा.”

“हो ना. मला पटला.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचबिंदू. डॉक्टर चिडलेलेच होते. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब वेळेवर घातले तर उरलेली काही वर्षं टिकेल, सुरुवातीलाच आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. हे सगळं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. बाबा मधेच म्हणाले, “तिचा दोष नाही.” डॉक्टरांनी थेंबांची बाटली माझ्या हातात दिली.

आतापर्यंत बाबा स्वतःच कसेबसे घालत होते ते थेंब त्यानंतर मी घालायला लागले, सकाळी शाळेत जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्याबरोबर. न विचारता. ते मान वर करून बसायचे आणि थेंब पडून झाले की म्हणायचे, “आभारी आहे.” आमच्याकडे घरातल्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. दुकानदाराचेसुद्धा मानत नाही. सकाळ-संध्याकाळ ते दोन शब्द ऐकून मला वाटायचं, यापेक्षा त्यांनी मला बोल लावले असते तर बरं झालं असतं. शेजारणीचे आभार ते मानत नसत. तिला नुसतं “अगं ए, इकडे ये जरा” म्हणायचे. मला तिचा हेवा वाटायचा.

मग मी मला येत होतं ते केलं. लेख लिहायला घेतला. माझ्याच लेखाचं खंडन. उन्हाळ्याची सबंध सुट्टी मी त्यात घातली. ऋण हा शब्दच तिथं लागू नाही, म्हणून ऋण नाही असं म्हणणंही फोल आहे. नात्यात मागणं हे हक्क आणि भीक या दोन्हींच्या पलीकडचं असतं. असं बरंच काही. एका दुपारी मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, “पलीकडचं म्हणजे काय, ते तू कुठंच सांगितलं नाहीस. तिथं नुसतं सुंदर लिहिलंयस.” थोड्या वेळानं म्हणाले, “मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस. पाठवू नकोस. पहिला बरोबर होता.”

मी पाठवला नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं, मला पलीकडचं काही सांगता आलं नव्हतं. मला एकदा असंही सुचलं, की मुद्दाम त्यांना कशालातरी नाही म्हणून दाखवावं, म्हणजे मी नाही म्हणू शकते हे सिद्ध होईल. पण ते काही मागतच नव्हते, तर नाही कशाला म्हणणार?

पुढच्या वर्षी शेजारीण बहिणीच्या बाळंतपणासाठी आठ-दहा दिवस अकलोलीला गेली. नेमक्या त्याच आठवड्यात माझ्याकडे वार्षिक परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे होते, आणि शाळेत मुख्याध्यापिकेनं सगळ्यांसमोर माझ्या अक्षरावरून टोमणा मारला होता. मी घरी येऊन चपला काढून, चहासुद्धा न घेता पेपरांना बसले. बाबांना थेंब घालायचेही मी विसरले होते.

“अगं,” बाबा म्हणाले, “वाड्याला माझ्या दोस्ताला एक कार्ड टाकायचं होतं. लिहून देतेस?”

“आत्ता नाही हो बाबा,” मी खेकसले. “मला मरायला वेळ नाही. सगळं मीच करायचं का या घरात? जरा माणसाला बसू द्या की.”

“बरं,” ते म्हणाले.

मी पुढचे दोन पेपर तपासले. तिसऱ्याच्या मध्यावर माझा हात थांबला. दोन-अडीच वर्षांत ते पहिल्यांदा मला अगं म्हणाले होते. पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी मान वर करून पाहिलं तर ते भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुखावल्याची खूणही नव्हती. मोकळे झाल्यासारखे दिसत होते. मला रडू आलं. मी उठून त्यांच्याजवळ जायला हवं होतं, क्षमा मागायला हवी होती, पण तसं केलं तर माझं ते ‘नाही’ मोडीत निघेल, एवढं मला त्या क्षणी कळलं. मी खाली मान घालून मुलींच्या चुका लाल करत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, “अगं, आज वेळ आहे का कार्डाला?” आहे, मी म्हणाले. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. इकडे सगळं ठीक, तिकडचं कळवावं. अक्षर माझं आहे म्हणून दोस्ताची माफी मागायला लावली. त्या संध्याकाळी थेंब घातल्यावर त्यांनी आभार मानले नाहीत.

तेव्हापासून ते मागू लागले. पाणी, उपरणं, तपकीर, अग्रलेख वाचून दाखव. दिवसातून दहा वेळा, पूर्वीसारखं, आणि नजर पुरती गेल्यावर त्याहूनही जास्त. मी त्यांना पुन्हा कधीही ‘नाही’ म्हणाले नाही. आणि ते होते तोवर रोज मला धास्ती असायची, की एखाद्या दिवशी हे त्यांच्या लक्षात येईल.