छिद्रं पडलेल्या ताटल्या

आमच्या लॅबमध्ये धुवायच्या काचेच्या ताटल्या आणि सांगायचे किस्से, दोन्ही रोज साठायचे. ताटल्या माझ्या वाट्याला, किस्से बापूंच्या. बापू म्हणजे कॉलेजचे जुने शिपाई. मी नववीत शाळा सोडून त्यांच्या हाताखाली लागलो, त्याच वर्षी आमच्या देसाईसरांनी टायफॉईडच्या जंतूंना खाणारा व्हायरस शोधायला घेतला. सापडला तर पीएचडी, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात!

*

असला व्हायरस घाणीत सापडतो. म्हणून पंचगंगेला गटार मिळतं तिथं मी बाटली भरायचो. धुणं धुणारी एक मावशी ओरडली, "पावणं, वरच्या अंगाला चांगलं पाणी हाय की!"

मी खाली मान घालून म्हटलं, "मला घाणच पायजे, मावशी."

"मग आमचं मालक न्या की! चार दिस आंघूळ न्हाय!"

*

जंतूंना वाढवायला मांसाचा अर्क उकळावा लागे. वास पार ऑफिसात जायचा. एकदा हेडक्लार्क वाटी घेऊनच दारात उभे!

"आज तांबडा का पांढरा?"

बापू शांतपणे म्हणाले, "टायफॉईडचा!"

*

एका दुपारी वीज गेली. जंतूंची ऊबपेटी गार पडू नये म्हणून सरांनी घरचं घोंगडं आणून तिला गुंडाळलं. थोड्या वेळानं देसाईवहिनी घोंगडं शोधत आल्या. पेटीकडे बघून म्हणाल्या, "पोरांना थंडी वाजली तर ह्यांना स्वेटर सापडत नाही. आणि जंतूंना घोंगडं!"

*

चहा पिताना सर सांगत होते, परदेशात असल्याच एका व्हायरसचा सगळा जीनोम अक्षर न् अक्षर वाचून काढलाय. पाच हजारांवर अक्षरं!

बापूंनी विचारलं, "पर लिवलंय काय त्यात?"

"थोडक्यात सांगायचं तर, आपल्यासारखे आणखी तयार करा."

"हात्तिच्या! आमचा म्हातारा ह्येच दोन शब्दांत सांगायचा. लगीन कर!"

*

रोज सकाळी सर यायच्या आत पेटीतल्या ताटल्या काढणं माझं काम. चांगल्या सरांच्या टेबलावर, खराब धुवायला. एकदा बहिणीच्या लग्नाला मी गगनबावड्याला गेलो, तेव्हा सरांनी स्वतः पेटी उघडली. परत आलो तर सर ताटली घेऊन चक्क नाचत होते! सायीसारख्या जंतूंच्या थरात बारीक गोल छिद्रं पडली होती.

"बघ! जिथं छिद्र, तिथं व्हायरसनं जंतू खाल्ले. दोन वर्षांत पहिल्यांदाच!"

बापू मागून डोळ्यांनी 'गप बस' म्हणत होते. पण मला राहवेना.

"सर, पहिल्यांदा नाही. अशा पुष्कळ निघायच्या. मला वाटायचं, माझंच थर ओतताना चुकलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

"म्हणून?"

"उकळून धुऊन ठेवायचो."

सर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मग त्यांनी हळूच विचारलं, "निदान स्वच्छ तरी धुवायचास ना?"