पेशींच्या दारावरची कडी

श्वास आत जाईना आणि दम्याचा पंप कितीही मारला तरी छाती मोकळी होईना. बमरोली या आमच्या यंत्रमागांच्या वस्तीतल्या डॉक्टरांनी पंप हिसकावून स्वतःच्या खिशात टाकला आणि इंजेक्शन भरलं. हा माणूस मागवाल्याला मागाचं उदाहरण देतो, बायकांना घराचं, आणि बोलताना टेबलावर टकटक करतो.

"आजी, पेशींच्या दारांना बाहेरून कड्या असतात. औषध त्या वाजवतं. तुम्ही तपकिरीसारखा दिवसभर पंप मारलात, मग पेशींनी कड्याच आत ओढून घेतल्या."

"माझ्या सुनेसारखंच. मी सारखी कडी वाजवते, म्हणून ती दारच उघडत नाही," मी धापा टाकत म्हणाले.

"आता गप्प बसा. या इंजेक्शननं कड्या हळूहळू बाहेर येतील."

बाहेर ताटकळलेल्या रोग्यांना गुजरातीत "बेसो भाई, बेसो", म्हणजे बसा, असं सांगत ते दुपारभर माझ्याजवळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले आणि कडी एकदाच वाजवली. सुनेनं दार उघडलं. मी वाचले होते.