दुसरी पिशवी

आमच्या घरात कोंबडी खाऊन आजवर कोणीही आजारी पडलेलं नाही. आजारी पडली ती आत्या, आणि आत्याने कोंबडी खाल्लीच नव्हती.

हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसतो. मग उगाच उठून पाणी पितो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, घाटकोपरच्या आमच्या चाळीतली. मी बावीस वर्षांचा, नुकताच एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलेलो. घरात आई, दादा (म्हणजे माझे वडील) आणि दादांची थोरली बहीण, आमची आत्या. नवरा गेला त्या वर्षी तिने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मासे-मटण सोडलं. मालवणच्या बाईने बांगडा सोडणं म्हणजे काय, ते मालवणच्या माणसालाच कळेल!

एकाच खोलीत आम्ही तिघं खाणारे आणि ती न खाणारी. म्हणून आत्याने स्वयंपाकाच्या कोपऱ्यात खडूने एक रेघ मारली होती. रेघेपलीकडे तिचा स्टोव्ह, तिचा तवा, तिची विळी. आमचा एखादा चमचा चुकून पलीकडे घरंगळला, तर त्याला राखेने आंघोळ घातल्याशिवाय परत प्रवेश नसे. (दोन देशांच्या सीमेवरही एवढी तपासणी होत नसेल!)

आणि बाजाराच्या पिशव्याही दोन. हिरवी वायरची भाजीची, खाकी जाड कापडाची कोंबडीची.

त्या वर्षी गटारी रविवारी आली. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे महिनाभर आम्हीही शिवराक, आत्यासारखेच. सकाळी निघताना आत्याने दोन्ही पिशव्या माझ्या हातात दिल्या.

"वशा, हिरवेत माझा, खाकयेत तुमचा. एकमेकाक लागता कामा नये. कळला?"

"कळलं गं आत्या. दर वेळी काय सांगतेस!"

"दर वेळी सांगतंय म्हणान दर वेळी बरोबर हाडतंस."

आता कबुली. चाळीतलाच माझा मित्र दिग्या आणि मी, आम्ही त्या संध्याकाळसाठी बिअरच्या तीन बाटल्यांचा बेत केला होता. आयुष्यातल्या पहिल्या! बाटल्या मिळाल्या, पण न्यायच्या कशा? वायरच्या पिशवीतून आरपार दिसतं. चाळीच्या जिन्यात पहिल्याच पायरीवर माझी वरात निघाली असती. म्हणून बाटल्या गेल्या खाकी पिशवीत. हिरव्या पिशवीत काकड्या आणि कोथिंबीर.

मग मी कोंबडीच्या रांगेत उभा राहिलो. गटारीची रांग! पिंजऱ्यावर पिंजरे रचलेले, आत कोंबड्या एकमेकींच्या अंगावर बसलेल्या. कोंबडीवाला एक ओढायचा, कापायचा, पिंपात टाकायचा, फडफड थांबली की सोलायचा आणि बादलीत बुचकळून काढायचा. बादली सकाळपासून एकच. त्या पाण्याचा मूळ रंग त्यालाही आठवत नसावा.

"पाणी बदला की जरा," मी म्हणालो.

"साहेब, घरी शिजवणार ना? मग!"

मला हे पटलं. शिजवल्यावर काय राहतं? त्याने कोंबडी वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधली आणि विचारलं, "पिशवी?"

मी खाकी पिशवीकडे पाहिलं. ती भरलेली होती. मी हिरवी पुढे केली.

खाली काकड्या, मध्ये कोथिंबीर, वर कोंबडी. वाटभर ठिबकत होतं. दिग्याच्या घरी बाटल्या उतरवल्या, कोंबडी खाकीत घातली आणि काकड्या रुमालाने पुसल्या. कोथिंबीर झटकली. एखाद्या सराईत चोरानेही शाबासकी द्यावी असं काम! दोन हातांत दोन पिशव्या घेऊन मी घरात शिरलो, तेव्हा माझ्याइतका सज्जन मुलगा अख्ख्या घाटकोपरमध्ये नव्हता.

आत्याने काकड्या हातात घेतल्या. "ओल्यो दिसतत. धुतलंस काय रे?"

नळाला पाणी फक्त सकाळी यायचं. दिवसभराचं एका पिंपात. आत्या ते तांब्या-तांब्याने जपायची.

"हो," मी म्हणालो.

एवढंच. एक अक्षर.

"शाणो माजो बाबू," आत्या म्हणाली. काकड्या कोवळ्या होत्या, तिने सालासकट कोचवल्या, दही-दाण्याचं कूट घातलं, वर कोथिंबीर. आईने कोंबडी तासभर रटरटवली, वडे तळले. आम्ही तिघांनी हाणलं. कोशिंबिरीला कोणी हात लावला नाही, गटारीला पाला कोण खातो! सगळी कोशिंबीर रेघेपलीकडे आत्याने एकटीने संपवली.

दिग्या आणि मी संध्याकाळी बिअर प्यायलो. कडू लागली. अर्धी मोरीत ओतली!

मंगळवारी दुपारी आत्याला थंडी वाजून ताप भरला. पोटात कळा, उलट्या, जुलाब. सार्वजनिक संडासापर्यंत जायचं, रांगेत उभं राहायचं, परत यायचं आणि तसंच पुन्हा वळायचं. चौथ्या खेपेला ती जिन्यात बसली ती उठेना. दादांनी आणि मी तिला उचलून रिक्षात घातलं. हाताला वजनच लागलं नाही.

घरात कारणांची जत्रा भरली. आई म्हणाली नळाचं पाणी. दादा म्हणाले उपासाचा साबुदाणा. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना लागला, म्हणजे दृष्ट नव्हतीच, असा निकालही त्यांनीच दिला.

इस्पितळातले डॉक्टर तरुण होते. "घरात कोंबडी शिजली होती?"

"शिजली," दादा म्हणाले, "पण हिने खाल्ली नाही. माळकरी आहे!"

"सुरी, भांडी एकच?"

"छे! आमच्याकडे सगळं वेगळं. मधे रेघ आहे डॉक्टर, रेघ!"

"कच्च्या कोंबडीचं पाणी कच्च्या भाजीला लागलं तरी पुरतं. बाजारातून आणताना पिशवी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोन होत्या," मी म्हणालो.

हे अगदी खरं होतं. दुसरीत काय होतं ते कोणी विचारलं नाही. दादांनी तर अभिमानाने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात अजून तिथेच आहे.

आत्या आठ दिवस सलाईनवर होती. एका दुपारी मी एकटाच जवळ असताना तिने मला वाकायला सांगितलं.

"वशा, कोणाक सांगशील नाय मां?"

"नाही गं."

"त्या दिवशी तुझ्या आयशीन कोंबडेचो रस्सो केल्यान ना... वासान माझ्या तोंडाक पाणी सुटलां रे. माळ गळ्यात आणि जीव रश्शात. देवान बघल्यान. ही माका शिक्षा."

आता बोल, वशा. दोन वाक्यं. पिशवी माझी, पाप माझं, देवाचा काही संबंध नाही. मी तोंड उघडलं.

"आत्या," मी म्हणालो, "शहाळ्याचं पाणी देऊ?"

ती बरी झाली. म्हणजे चालती झाली. अंगावर मांस पुन्हा धरलं नाही. पण त्यानंतर घरात कोंबडी शिजायला लागली की आत्या पाट उचलून गॅलरीच्या पार टोकाला जाऊन बसायची, पदर नाकाला लावून. वास जाईपर्यंत. कधी कधी दोन तास. मी तिच्या शेजारी जाऊन बसायचो.

"तू जेव जा रे," ती म्हणायची.

"भूक नाही."

"किती जीव लावतंस रे माका!" आणि ती माझा हात धरायची. मी तो धरू द्यायचो. इतका हलकट माणूस आमच्या सात पिढ्यांत झाला नसेल!

चार वर्षांनी ती गेली. हृदयाने. मी डॉक्टरांना विचारलं, त्या जुन्या दुखण्याचा याच्याशी काही संबंध? ते नाही म्हणाले. मी तीनदा विचारलं, ते तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि माझाच रक्तदाब तपासला. त्यांना काय सांगणार? आपण देवाची शिक्षा भोगतोय असं समजून ती गेली, आणि गुन्हेगार तिच्या उशाशी शहाळं सोलत होता!

मी कोंबडी सोडून आता बरीच वर्षं झाली. लोकांना वाटतं आत्याचा वारसा चालवतोय. नातेवाईक लग्नाकार्यात मला वेगळं पान वाढतात, मी मान खाली घालून जेवतो. तरीही बाजारात जाताना दोन पिशव्या नेतो. एक भरून आणतो, दुसरी रिकामी परत आणतो.

"अहो, कोंबडी खात नाही तर ती दुसरी कशाला?" बायको विचारते.

"असू दे."

मग ती आतून ओरडते, "काकड्या धुतल्यात का?"

मी उठतो आणि धुतो. ती पुन्हा विचारते, मी पुन्हा धुतो. परवा मी तिसऱ्यांदा धूत असताना ती मोरीपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, झिजून संपेल ती काकडी! साधं 'हो' म्हणायला काय होतं तुम्हाला?"